बेरीज शंभरच येते

कविता करणाऱ्या माणसाला हिशेबावर बोलायला बोलावलं याचं तुम्हाला नवल वाटेल. मला वाटलं नाही. कोकणातला कवी कवितेवर पोट भरतो असं मी तरी अजून पाहिलेलं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढची तीसेक वर्षं एका सहकारी सोसायटीत हिशेबाच्या टेबलावर बसलो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज या तीन शब्दांनी माझ्या घरातली चूल पेटती ठेवली. कविता रात्री, चूल निवल्यावर.

आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे त्याला इंग्रजीत स्प्रेडशीट म्हणतात. आपण सरसकट ‘एक्सेल’ म्हणून मोकळे होतो; कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत होतो तसं. खरं तर एक्सेल हे एका कंपनीच्या मालाचं नाव. तेच काम करणारे दुसरे प्रोग्राम आहेत, काही तर फुकट मिळतात. आणि स्प्रेडशीट हा शब्द संगणकाच्या आधीचा आहे. हिशेबनीस मोठाच्या मोठा कागद टेबलावर पसरत, त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारत आणि आकडे भरत. पसरलेला कागद, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या तलाठ्याचं दप्तर आठवा. सातबारा म्हणजे तरी काय? रकाने आणि ओळी. कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे ठरलेलं, आणि एका नोंदीवर माणसाचं सारं आयुष्य टांगलेलं.

मग संगणकाने नवीन काय केलं? ते सांगायला मी आपल्या आंब्याची पट्टी घेतो. रत्नागिरीत मार्चपासून मे अखेरपर्यंत घराघरात हा कागद येतो. तुम्ही वाशीच्या मार्केटला पेट्या पाठवल्या, आडत्याने त्या विकल्या, आणि किती पेट्या, काय दर, खर्च किती वजा, हातात किती, हे ज्या चिठोऱ्यावर लिहून आलं ती पट्टी.

आता डोळ्यांसमोर सारीपाटासारखा पट आणा. उभे रकाने आहेत, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं. आडव्या ओळी आहेत, त्यांना एक, दोन, तीन असे आकडे. रकाना आणि ओळ जिथे एकमेकांना छेदतात ते एक घर. प्रत्येक घराला पत्ता असतो. बी रकान्यातलं दुसरं घर म्हणजे बी-दोन. पोस्टमनला जसं आळीचं नाव आणि घर नंबर सांगितला की पुरे, तसं.

समजा, ए रकान्यात मालाची प्रत लिहिली, बीमध्ये पेट्या, सीमध्ये दर. पाच डझनी पेट्या ४०, दर २,४०० रुपये. खालच्या ओळीत सहा डझनी पेट्या ६०, दर २,००० रुपये. आता डी रकान्यात तुम्ही ९६,००० हा आकडा लिहायचा नाही. तिथे लिहायचं: बरोबरचं चिन्ह, बी-दोन गुणिले सी-दोन. म्हणजे तुम्ही घरात उत्तर ठेवत नाही, उत्तर कसं काढायचं ती रीत ठेवता. पडद्यावर ९६,००० दिसतात, पण घराच्या आत बसलेली असते ती रीत. तिला सूत्र म्हणा, फॉर्म्युला म्हणा.

सगळी करामत एवढ्यातच आहे. दोन ओळींची बेरीज २,१६,०००. पेटीमागे भाडं १०० रुपये धरलं तर १०० पेट्यांचे १०,००० वजा, हमाली वगैरे २,००० वजा, हातात २,०४,०००. आता बाजार पेटीमागे २०० रुपयांनी बसला. जुन्या वहीत खाडाखोड करून सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं. इथे दोन घरांतले दोन दर बदलायचे. खालचं सारं आपोआप बदलतं आणि तळाला १,८४,००० दिसतात. त्या एका घराचा कोणकोणत्या घरांशी संबंध आहे हे प्रोग्रामला ठाऊक असतं आणि तो फक्त तेवढ्यांचाच हिशेब नव्याने करतो. एका वाड्यातली बातमी नेमक्या नातेवाइकांच्या घरी पोचावी तसं.

दुसरी सोय सूत्र खाली ओढण्याची. दुसऱ्या ओळीत बी-दोन गुणिले सी-दोन लिहिलं आणि ते तिसऱ्या ओळीवर ओढलं की ते आपणहून बी-तीन गुणिले सी-तीन होतं. पन्नास ओळी असल्या तरी लिहायचं एकदाच. पण काही गोष्टी ओळीबरोबर सरकून चालत नाहीत. पेटीमागे १०० रुपये भाडं एकाच घरात लिहिलंय, ते सगळ्या ओळींना तेच लागू आहे. तिथे त्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावून खिळा ठोकायचा. हे शिकवताना आमच्या क्लासच्या मास्तरांची दमछाक व्हायची. मला ते चटकन उमगलं, कारण गझलेत रदीफ जागचा हलत नाही आणि काफिया शेरागणिक बदलतो. डॉलर लावला तो रदीफ, न लावला तो काफिया. मास्तरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

क्लास म्हणजे एम.एस.सी.आय.टी.चा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झालं आणि त्यांचा हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला. सरकारी नोकरीला तो लागायला लागला म्हणून पुष्कळांनी केला. पस्तिशीतले आम्ही कारकून आणि शेजारी बारावीची पोरं, एकाच बाकावर. महाराष्ट्रातल्या लाखो मराठी माणसांची या चौकटींशी पहिली भेट तिथे झाली. आमच्या मोहल्ल्यातली मुलं ते प्रमाणपत्र घेऊन कुवेत, दुबई, सौदीला गेली आणि गोदामाच्या टेबलावर बसून माल किती आला, किती गेला हे त्याच चौकटींत भरू लागली.

ही कल्पना सुचली कुणाला? डॅन ब्रिकलिन नावाचा तरुण १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डला व्यवस्थापन शिकत होता. वर्गात फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडलेला. एक आकडा बदलला की पुसापुशी करून सगळा तक्ता पुन्हा लिहावा लागे. ही पुसापुशी यंत्राने केली तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने व्हिझिकॅल्क हा प्रोग्राम तयार केला, तो १९७९ साली ॲपलच्या संगणकावर विक्रीला आला. तोवर घरगुती संगणक हे हौशी लोकांचं खेळणं होतं. या प्रोग्रामसाठी दुकानदार आणि हिशेबनीस संगणक विकत घेऊ लागले. ब्रिकलिनने त्याचं पेटंट घेतलं नाही. १९८३ साली लोटस वन-टू-थ्री आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आणि १९८७ मध्ये ते विंडोजवर. बाकीचा इतिहास कंपन्यांच्या भांडणाचा आहे, तो सोडून देऊ.

आंब्यापेक्षा मला मासळीचा हिशेब जास्त बोलका वाटतो. मिरकरवाड्याला बोट लागते, मासळीचा लिलाव होतो, आणि मग वाटणी. प्रत्येक बंदरात, बहुतेक बोटींवर सुद्धा, वाटणीची रीत वेगळी. शिवाय आता पुष्कळ बोटींवर नेपाळी खलाशी पगारावर असतात. तरी जुनी, वाट्याची रीत घेऊ. समजा फेरीची मासळी १,८०,००० ला गेली. डिझेल, बर्फ, शिधा मिळून खर्च १,०५,०००. उरले ७५,०००. निम्मे बोटीचे, म्हणजे मालकाचे. उरलेल्या ३७,५०० चे १५ वाटे: १२ खलाशांचा एकेक, तांडेलाचे दोन, इंजीन सांभाळणाऱ्याचा एक. वाटा आला २,५०० रुपयांचा.

आता डिझेलच्या घरात १५,००० वाढवून बघा. उरतात ६०,०००, निम्मे ३०,०००, वाटा २,०००. डिझेलचा भडका उडाला की पेपरात आकडे येतात, पण खलाशाच्या खिशातून पाचशेची नोट नेमकी कशी जाते ते या पटावर अर्ध्या मिनिटात दिसतं. आणि हेही दिसतं, की खर्च आधी वजा करायचा आणि वाटणी मग, की आधी वाटणी आणि खर्च मालकाच्या बाजूने, या दोन रितींत केवढी तफावत पडते. ‘असं झालं तर?’ हा प्रश्न पूर्वी फक्त हिशेब येणाऱ्यालाच विचारता येत होता. आता कुणीही विचारू शकतो. बंदी सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, मी दोन-तीन तांडेलांच्या पोरांना हे मोबाइलवर मांडून दिलं. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला, पोरांना वेळच वेळ. त्यांनी मागच्या हंगामाच्या फेऱ्या भरल्या. एकाने बापाला विचारलं, ‘अब्बा, बर्फाचे पैसे दर फेरीला तेवढेच कसे?’ अब्बांनी ते मालकाला विचारलं की नाही, मला माहीत नाही. पण प्रश्न घरात आला.

हा प्रोग्राम फार आज्ञाधारक आहे, आणि धोका तिथेच आहे. घरात ‘५०० रु.’ असं अक्षरं जोडून लिहिलंत की त्याच्या लेखी तो आकडा राहत नाही, तो मजकूर होतो. बेरीज करताना तो ते घर गुपचूप वगळतो, तक्रार करत नाही. बेरीज दहाव्या ओळीपर्यंतची सांगितली असेल आणि तुम्ही तिच्याखाली अकरावी भरलीत, तर अकरावी बाहेरच राहू शकते. तारखा तो तारखा म्हणून ठेवतच नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून दिवस मोजतो. १५ ऑगस्ट १९४७ त्याच्या लेखी १७३९४ आहे. म्हणूनच दोन तारखांची वजाबाकी करून कर्जावरच्या व्याजाचे दिवस काढता येतात. गंमत म्हणजे १९०० सालच्या फेब्रुवारीला त्याने २९ दिवस दिले आहेत, जे खरे नव्हते. लोटसमधली ती चूक, जुन्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने जाणूनबुजून पुढे चालवली. खोतांच्या कागदातली एखादी जुनी नोंद आपण अशीच चालवतो.

२०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळजवळ १६ हजार रुग्ण काही दिवस सरकारी आकड्यांतून गळले होते. कारण काय, तर माहिती जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा. २००७ नंतरच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण फाइल जुनी होती. पान संपलं, उरलेले बाहेर. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्यांना वेळेवर कळवलं गेलं नाही.

ही झाली दूरची गोष्ट. जवळची सांगतो.

वडील गेल्यावर आमच्या १२० कलमांची वाटणी करायची होती. घरात ठरलं, फराइजप्रमाणे करू. म्हणजे आमच्याकडचे वारसाहक्काचे जे वाटे आहेत, त्याप्रमाणे. मुलंबाळं असताना विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. हे गणित सोपं नाही. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी नावाचा विद्वान होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या नावातून ‘अल्जेब्रा’ शब्द आला आणि त्याच्या स्वतःच्या नावातून ‘अल्गोरिदम’. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीच्या उदाहरणांनीच भरला आहे. म्हणजे संगणक ज्या विद्येवर चालतो तिचा एक धागा कुणाच्या तरी घरातल्या वाटणीपासून येतो.

आमचा पुतण्या हुशार. त्याने लॅपटॉपवर पत्रक तयार केलं. नाव, वाटा, टक्के, कलमं. आई १५ कलमं. माझे थोरले भाऊ साडेबावन्न. मी साडेबावन्न. खाली बेरीज १२०, टक्के बरोबर शंभर. सुबक छापलेला कागद त्याने सगळ्यांच्या हातात दिला.

मी विचारलं, ‘आपाची ओळ कुठाय?’

तो म्हणाला, ‘चाचा, आपाफुफू हक्कसोड करणारच आहेत ना. म्हणून काढली.’

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कोकणात बहिणींनी हक्कसोड करायची ही रीतच होऊन बसली आहे, आमच्यात आणि हिंदू शेजाऱ्यांत सारखीच. लग्नात खर्च केला, माहेर तुटू नये, भाऊ दारात उभा करील की नाही, ही कारणंही दोन्हीकडे सारखी. मला हादरा बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एक बहीण काढून टाकली आणि तरी बेरीज शंभरच आली. पत्रकात कुठे भोक पडलं नाही, कुठे लाल खूण उमटली नाही. उरलेल्यांचे वाटे फुगले आणि मधली जागा बुजली. कागदावरून कुणाला कळलंही नसतं, की इथे कुणी होतं.

मी म्हटलं, ‘ती सोडेल तर तिच्या तोंडाने सोडेल. आधी तिची ओळ घाल.’

त्याने ओळ घातली, वाटा लिहिला. आई १५, भाऊ ४२, मी ४२, आपा २१. पूर्ण आकडे. अर्धं कलम कुणाचं हा प्रश्नच उरला नाही. थोरले भाऊ थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तिला फोन लाव.’ आपा चिपळूणला असते. तिने फोनवर एवढंच विचारलं, ‘किती येतात?’ मी म्हटलं, ‘एकवीस.’ ती म्हणाली, ‘मला कुणी आकडा कधी सांगितलाच नव्हता.’

तिने सोडली नाहीत. भावांशी बोलणंही सोडलं नाही. पहिल्या वर्षी फवारणीचे पैसे कुणी किती द्यायचे यावरून तणतण झाली, ती होणारच होती. दुसऱ्या वर्षी पुतण्यानेच फवारणी, गवत काढणं, राखणदार यांचा खर्च कलमांच्या प्रमाणात वाटणारा रकाना घातला. १२० कलमांना ३६,००० आला तर कलमाला ३००, आपाचे ६,३००. ती दरवर्षी तो आकडा स्वतः तपासते आणि दोनदा तिने भावाला विचारलंय, की राखणदाराचे पैसे गेल्या सालापेक्षा जास्त का.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं, की छापील कागदावर समाधान मानू नका, फाइल मागा. कागदावर फक्त उत्तरं छापली जातात, रीत फाइलमध्ये राहते. घरावर बोट ठेवलं की वरच्या पट्टीत दिसतं आत काय आहे ते: सूत्र आहे, की कुणी हाताने आकडा ठोकून दिला आहे. ओळींचे क्रमांक पाहा. सातनंतर थेट दहा आले तर मधल्या दोन ओळी कुणीतरी झाकल्या आहेत. झाकण्याला कारण असू शकतं. विचारायला हरकत नसते.

आमच्या शेजारच्या एका बागायतदाराने तसंच केलं. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त करताना ठरवलं, की आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. त्याच्या पट्टीवर आडतीची ओळ खरंच नव्हती. ‘इतर खर्च’ अशी एक ओळ मात्र होती, भरघोस आकड्याची. त्याच्या मुलाने आडत्याच्या मुनिमाकडे पट्टीची फाइल व्हॉट्सॲपवर मागितली. मुनीम तरुण होता, त्याने सरळ पाठवून दिली. मुलाने त्या घरावर बोट ठेवलं. आत सूत्र होतं: एकूण विक्री गुणिले सहा टक्के. हमाली पेटीवर असते, भाडं पेटीवर असतं. विक्रीच्या टक्क्यावर चालणारा खर्च कुठला, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

मुलाने फोन केला. भांडला नाही, ‘हे सहा टक्के कशाचे, तेवढं लिहून पाठवा,’ म्हणाला. पुढच्या आठवड्याच्या पट्टीवर ‘इतर खर्च’ गेले होते. त्यांच्या जागी तीन ओळी होत्या: भाडं, हमाली, तोलाई. तिघांची बेरीज आधीच्या निम्म्याहून कमी होती. मागच्या पट्ट्यांचे पैसे अजून यायचे आहेत. त्याने त्यासाठी एक वेगळा रकाना केला आहे, आणि त्यात रोज, उशीर झालेले दिवस मोजले जातात.